एकशे वीस केंद्रं आणि एकच थ्रेड

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला थंडी बाधली की पानं पिवळी पडतात, पोंगा उमलत नाही आणि निसवण लांबते. म्हणून हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी किमान तापमानाचा निकष असतो. सलग ३ दिवस पारा ८ अंश किंवा त्याखाली राहिला तर भरपाई, असा निकष अलीकडच्या हंगामांत लावला गेला आहे. हा पारा शेतकऱ्याच्या मळ्यात मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर मोजतात. महावेध प्रकल्पातून २०१७ पासून राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रं उभी राहिली. जळगाव जिल्ह्यात खिर्डी, निंभोरा, ऐनपूर, सावदा आणि धुळे जिल्ह्यात पिंपळनेर, दहिवेल, बोराडी, थाळनेर अशा मंडळांतल्या विमा उतरवलेल्या फळपिकांचा हिशेब एका खांबावरच्या आकड्याशी बांधलेला असतो. आकडा चुकला किंवा पोचलाच नाही, तर तहसीलच्या पायऱ्या झिजवायची वेळ शेतकऱ्यावर येते.

असे आकडे गोळा करणारा सर्व्हर सी भाषेत लिहायचा तर कसा लिहावा, ते इथे सावकाश पाहू. प्रत्यक्षातल्या कुठल्या यंत्रणेचं हे वर्णन नाही, आपला सर्व्हर सरावाचा आहे. जळगाव आणि धुळे मिळून १२० केंद्रं धरू. प्रत्येक केंद्र दर १० मिनिटांनी टीसीपीवरून शंभरेक बाइटची एक ओळ पाठवतं: मंडळाचा संकेतांक, वेळ, तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग. सर्व्हरने ती ओळ नोंदवायची आणि मिळाल्याचं उलट कळवायचं. दिवसाला १७,२८० ओळी होतात. बाइटांत मोजलं तर पावणेदोन मेगाबाइटसुद्धा नाही, मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोएवढा ऐवज. म्हणजे कामाचा भार नगण्य आहे. सगळी अडचण वाट पाहण्याची आहे.

सी नुकतीच शिकलेला माणूस पहिल्या झटक्यात सरळसोट प्रोग्राम लिहितो. कनेक्शन स्वीकारा, वाचा, फाइलीत लिहा, उत्तर द्या, बंद करा आणि पुन्हा वरून सुरू. वाचायला हा प्रोग्राम स्वच्छ असतो. त्यातली ‘वाचा’ ही एक ओळ तेवढी फसवी. समोरून काही आलेलं नसेल तर कर्नल प्रोग्रामला तिथेच झोपवतो आणि बाइट येईस्तोवर उठवत नाही. कमकुवत मोबाइल नेटवर्कवर एका केंद्राची देवाणघेवाण ३ सेकंदांत उरकते असं धरलं, तर १२० केंद्रांना ३६० सेकंद लागतील. दहा मिनिटांच्या आत हे बसतं, म्हणून चाचणीत सगळं ठीक वाटतं. राज्यातली दोन हजार केंद्रं घेतली तर मात्र ६,००० सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. आणि खरं दुखणं वेगळंच आहे. बोराडीच्या केंद्राने कनेक्शन जोडलं आणि ओळ पाठवण्याआधीच सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज गेली, तर प्रोग्राम त्या एका वाचनावर बसून राहतो आणि बाकीची ११९ केंद्रं खोळंबतात.

यावर जुना उपाय म्हणजे प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र थ्रेड. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की १२० केंद्रांसाठी हा उपाय वाईट नाही. थ्रेड जड असतात अशी भीती घातली जाते, पण लिनक्सवर थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारणपणे जे ८ मेगाबाइट राखून ठेवतात ती केवळ पत्त्यांची जागा असते. खरी मेमरी वापराल तेवढीच लागते. त्रास होतो तो सामाईक माहितीचा. ‘आज कुठल्या मंडळात किमान तापमान किती’ हा तक्ता १२० थ्रेड एकाच वेळी बदलू लागले की कुलपं आली, आणि कुलूप लावायला एका ठिकाणी विसरलं की महिन्यातून एकदाच दिसणारी चूक आली. कनेक्शन दहा हजारांवर गेली की थ्रेडांचा ताण खरोखरच जाणवू लागतो. डॅन केगेल यांनी १९९९मध्ये ‘सी-टेन-के’ या नावाने हाच प्रश्न मांडला, त्यावर पुढे बरीच चर्चा झाली.

दुसरा रस्ता असा, की कुणा एका सॉकेटपाशी झोपायचंच नाही. सगळी सॉकेट कर्नलच्या हवाली करायची आणि म्हणायचं, ‘यांतल्या कुणाकडेही काही आलं की मला उठव, आणि कुणाकडे आलं तेही सांग.’ ही सोय १९८३च्या ४.२ बीएसडी युनिक्सपासून ‘सिलेक्ट’ या नावाने आहे. तिच्यात सहसा १,०२४ क्रमांकांपर्यंतच मजल जाते, आणि दर वेळी सगळी यादी नव्याने द्यावी लागते. फ्रीबीएसडीत २०००मध्ये ‘केक्यू’ आलं, लिनक्सच्या २.६ कर्नलबरोबर ‘ईपोल’ सर्वांच्या हाती आलं. या दोन्हींत यादी कर्नलकडेच राहते आणि परत येताना ज्यांच्याकडे काही घडलंय तेवढीच नावं मिळतात. विंडोजची तऱ्हा निराळी. तिथे आधी वाचनाचं काम सोपवून द्यायचं आणि ते पुरं झाल्यावर निरोप घ्यायचा.

इतक्या तऱ्हा स्वतः हाताळण्याची हौस एकदाच पुरवून घ्यावी. रोजच्या कामाला लायब्ररी घ्यावी. नील्स प्रोव्होस यांची ‘लिबइव्हेंट’ २०००पासूनची, मार्क लेहमन यांची ‘लिबईव्ही’ त्यानंतरची. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड-जेएस २००९मध्ये आलं ते लिबईव्हीच्या आधारावर. पुढे विंडोजवरही तसंच चालावं म्हणून नोडच्या मंडळींनी २०११च्या सुमारास ‘लिबयूव्ही’ लिहायला घेतली. आज जावास्क्रिप्टशी काडीचाही संबंध नसलेल्या सीच्या प्रोग्रामातही ती सर्रास वापरतात. आपणही तीच घेऊ. कारण साधं आहे: तिची कागदपत्रं नीट आहेत आणि ती ईपोल, केक्यू, विंडोज या सगळ्यांवर एकच चेहरा दाखवते.

लायब्ररी चालवते ते झोपण्या-उठण्याचं चक्र म्हणजे इव्हेंट लूप. ते कसं काम करतं हे धुळ्याच्या वाचकाला पांझरेवरची फड पद्धत आठवली तर पटकन उमगेल. फडात प्रत्येक शेतकरी पाटावर रात्र काढत नाही. एक पाटकरी सगळ्या फडाला पाणी देतो. जी चारी भरली तिथे जायचं, बांध घालायचा, पुढचं दार फोडायचं आणि लगेच दुसरीकडे. तो एखाद्या बांधावर गप्पा मारत बसला तर त्या शेतकऱ्याचं काही बिघडत नाही, बाकीच्यांचं बिघडतं. आपल्या प्रोग्रामातला एकुलता थ्रेड हा पाटकरी. उपमा इथेच सोडू, कारण पुढचा घोळ मेमरीचा आहे आणि तो पाटाच्या पाण्यात दिसायचा नाही.

लिबयूव्हीत दोन प्रकारच्या वस्तू असतात. दीर्घकाळ जगणारी ती हँडल: ऐकत बसलेलं सॉकेट, एका केंद्राचं कनेक्शन, टायमर. एकदाच होणारं काम ते रिक्वेस्ट: एक लेखन, एक नावाचा शोध. काही घडलं की लायब्ररी आपलं जे फंक्शन बोलावते ते कॉलबॅक. सर्व्हरच्या मुख्य फंक्शनात मोजक्याच ओळी उरतात. लूप तयार करायचं, टीसीपीचं हँडल त्याला जोडायचं, पत्ता आणि पोर्ट बांधायचं, ‘यूव्ही_लिसन’ला कॉलबॅक देऊन ऐकायला बसवायचं आणि शेवटी ‘यूव्ही_रन’. प्रोग्राम या ओळीत शिरतो आणि एरवी तिथेच असतो. जोवर एखादं हँडल जागं आहे किंवा एखादी रिक्वेस्ट अपुरी आहे तोवर यूव्ही_रन परतत नाही. नवशिक्याचा प्रोग्राम सुरू होताच संपला, तर बहुधा त्याने कुठलंही हँडल सुरूच केलेलं नसतं.

एका फेरीत लूप काय करतं तेही पाहून ठेवू. घड्याळ एकदा पाहतं, मुदत भरलेले टायमर चालवतं, मग सगळ्यांत जवळच्या टायमरला किती वेळ आहे ते मोजून तेवढ्याच मुदतीसाठी कर्नलपाशी झोपतं. मधेच कुठल्या सॉकेटवर बाइट आले तर आधी उठतं, त्यांचे कॉलबॅक चालवतं, बंद केलेल्या हँडलांचा निरोप देतं आणि पुन्हा वर. काही घडत नसताना प्रोसेसर शून्य खर्च होतो. सतत ‘आलं का, आलं का’ म्हणून गरगरणारा हा प्रकार नव्हे; तसा गैरसमज मात्र बऱ्याच जणांचा असतो.

आता निंभोऱ्याचं केंद्र जोडलं जातं. आपला कनेक्शनचा कॉलबॅक चालतो. त्यात नव्या कनेक्शनसाठी एक हँडल हवं, आणि इथेच सरळसोट सीची सवय आड येते. हँडल त्या फंक्शनात स्थानिक चल म्हणून घेतलं, ‘यूव्ही_ॲक्सेप्ट’ केलं, ‘यूव्ही_रीड_स्टार्ट’ म्हटलं आणि फंक्शन संपलं. फंक्शन संपताच त्याची स्टॅकवरची जागा गेली. लायब्ररीकडे मात्र त्याच जागेचा पत्ता आहे. तीन सेकंदांनी निंभोऱ्याची ओळ येईल तेव्हा त्या पत्त्यावर दुसऱ्याच कुणाचा संसार असेल. प्रोग्राम लगेच कोसळला तर नशीब चांगलं. न कोसळता निंभोऱ्याचं तापमान सावद्याच्या नावावर नोंदलं गेलं तर ते शोधणार कोण?

मला वाटतं, इव्हेंट लूपमध्ये नवं शिकण्यासारखं मुख्य हेच आहे. लूपमुळे प्रोग्राम जलद होतो असं म्हणतात ते अर्धवट खरं. लूप फक्त वाट पाहण्याचा खर्च वाचवतं, आणि त्या बदल्यात एक काम आपल्या गळ्यात घालतं. सरळसोट प्रोग्रामात ‘आपण कुठवर आलो’ हे स्टॅक लक्षात ठेवतो. वाचन अर्धं झालं, मंडळाचा संकेतांक कळला, तापमान यायचंय, हे सगळं स्थानिक चलांत आणि प्रोग्राम ज्या ओळीवर थांबला त्या ओळीत साठलेलं असतं. कॉलबॅकच्या पद्धतीत प्रत्येक टप्प्याला फंक्शन संपतं आणि स्टॅक पुसला जातो. म्हणून प्रत्येक केंद्राची हकीकत आपण हीपवर, आपल्या स्ट्रक्चरमध्ये लिहून ठेवायची. त्या स्ट्रक्चरमध्ये टीसीपीचं हँडल, एक टायमर, अर्धवट ओळीसाठी बफर, त्यात किती बाइट भरले याचा आकडा आणि मंडळाचा संकेतांक. प्रत्येक हँडलमध्ये ‘डेटा’ नावाचा एक मोकळा पॉइंटर लायब्ररीने मुद्दाम ठेवलाय. त्यात या स्ट्रक्चरचा पत्ता ठेवला की कुठल्याही कॉलबॅकमध्ये ‘हे कुणाचं?’ याचं उत्तर हाताशी असतं.

वाचनाला दोन कॉलबॅक लागतात. पहिला बफरची जागा देतो, दुसरा किती बाइट आले ते सांगतो. हा आकडा नीट वाचावा. तो धन असेल तर तेवढे बाइट आले. ऋण असेल तर चूक झाली किंवा समोरच्याने कनेक्शन मिटवलं. शून्य असेल तर मात्र काहीच घडलेलं नाही, पुढच्या खेपेची वाट पाहायची. युनिक्सच्या साध्या रीडमध्ये शून्याचा अर्थ ‘संपलं’ असा होतो, त्यामुळे जुना हात इथे हमखास चुकतो आणि जिवंत कनेक्शन तोडतो.

दुसरी गोष्ट टीसीपीचीच. केंद्राने एक ओळ पाठवली म्हणून आपला कॉलबॅक एकदाच चालेल असं नाही. टीसीपीला ओळ ठाऊक नसते, त्याला बाइटांची धार ठाऊक असते. ‘४२.६’ मधले ‘४२.’ आत्ता येतील आणि ‘६’ पुढच्या खेपेला. उलट रेंज परतल्यावर साठलेल्या चार ओळी एकदमही येतील. म्हणून आलेले बाइट स्ट्रक्चरमधल्या बफरच्या शेवटी जोडायचे, ओळ संपल्याची खूण सापडेल तेवढ्या पुऱ्या ओळी उचलायच्या आणि उरलेला तुकडा पुढे सरकवून ठेवायचा. बफरला कमाल मर्यादा हवीच. खूण न पाठवता बाइट ओतत राहणारं बिघडलेलं किंवा खोडसाळ यंत्र कधी तरी भेटतंच. ऑफिसच्या वायफायवर चाचणी करताना ओळ नेहमी अखंड येते, त्यामुळे हा भाग न लिहिताही सगळं चालतंय असं वाटतं. त्याची गरज पडते ती पिंपळनेरला.

उत्तर पाठवताना मेमरीचाच नियम पुन्हा येतो. ‘यूव्ही_राइट’ म्हणजे ‘पाठवलं’ नव्हे, ‘पाठवायला घेतलं’. लेखनाचा कॉलबॅक येईपर्यंत ती रिक्वेस्ट आणि उत्तराचे बाइट दोन्ही जागेवर हवेत. तेही स्टॅकवर ठेवून चालत नाही. लेखन पुरं झालं की त्याच कॉलबॅकमध्ये मोकळे करायचे. समोरचा गेलेला असताना लिहिलं तर युनिक्स ‘सिगपाइप’ हा सिग्नल पाठवून अख्खा प्रोग्राम मारू शकतं. म्हणून सुरुवातीलाच त्या सिग्नलकडे दुर्लक्ष करायला सांगून ठेवावं.

आता रेंज गेलेलं बोराडी. टॉवरची वीज जाते तेव्हा केंद्र कनेक्शन बंद केल्याचं कळवून जात नाही. सर्व्हरच्या लेखी ते अजून जोडलेलंच असतं. कर्नलची स्वतःची तपासणी सुरू केली तरी लिनक्सवर ती एरवी दोन तासांच्या शांततेनंतर सुरू होते. आपल्याला एवढी वाट पाहायची नाही, म्हणून स्ट्रक्चरमध्ये टायमर ठेवला. इथे केंद्र कनेक्शन उघडंच ठेवतं असं धरू. कनेक्शन जोडताच, आणि पुढे दर ओळ आली की, टायमर नव्याने २५ मिनिटांवर लावायचा. दोन ओळी चुकल्या, वर पाच मिनिटांची सवलतही दिली, आणि टायमर वाजला तर कनेक्शन मेलं समजायचं. सवलत किती द्यायची हा तंत्राचा प्रश्न नाही. पहाटे पाचच्या पाऱ्यावर कुणाचा तरी दावा ठरणार असेल, तर केंद्र गप्प आहे हे सकाळी नऊला कळून उपयोग नाही. म्हणून टायमर वाजला की नुसतं कनेक्शन मिटवू नये, ‘या मंडळाकडून निरोप नाही’ अशी नोंदही वेळेसकट करावी. आकडा नसणं आणि आकडा शून्य असणं यांत विम्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मिटवणं हेही टप्प्याटप्प्याचं काम. ‘यूव्ही_क्लोज’ म्हटल्यावर हँडल तत्क्षणी मिटत नाही. लूप त्याचे अपुरे लेखनाचे कॉलबॅक ‘रद्द’ असा शेरा मारून उरकतं आणि मग क्लोजचा कॉलबॅक बोलावतं. मेमरी मोकळी करायची ती तिथे, त्याआधी नाही. आपल्या स्ट्रक्चरमध्ये तर दोन हँडलं आहेत, टीसीपी आणि टायमर. एकाचा क्लोज आला म्हणून स्ट्रक्चर मोकळं केलं तर दुसरं हवेत लटकतं. म्हणून स्ट्रक्चरमध्येच एक आकडा ठेवायचा, दर क्लोजला एकने कमी करायचा आणि शून्य झाला की मोकळं करायचं. एकाच हँडलवर दोनदा क्लोज म्हटलं तर लायब्ररी प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवते. टायमर वाजणं आणि समोरच्याने मिटवणं एकाच फेरीत घडलं की ही वेळ येते, तेव्हा आधी ‘मिटवणं सुरू आहे का’ हे विचारून घ्यावं.

राहिली फाइल. इथे ईपोलचा उपयोग नाही, कारण डिस्कवरच्या साध्या फाइली तो स्वीकारतच नाही. कर्नलच्या लेखी फाइल कायम तयारच असते, मग डिस्क प्रत्यक्षात कितीही कुथत असो. लिबयूव्ही म्हणून पडद्यामागे काही थ्रेड बाळगते, एरवी ४. फाइलीचं काम ती त्यांच्याकडे देते आणि पुरं झालं की कॉलबॅक मात्र मुख्य थ्रेडवरच चालवते. संख्या वाढवायची सोय आहे, पण आधी दोन खाचखळगे ओळखावेत. एक म्हणजे नाव देऊन पत्ता शोधण्याचं कामही याच चौघांकडे असतं. डीएनएस अडखळलं आणि शोध अडकून बसले की फाइलीच्या कामाला थ्रेड कमी उरतात आणि लेखन रेंगाळू शकतं; जुन्या आवृत्त्यांत तर चार शोध अडकले की फाइलीत एक अक्षर लिहिलं जात नसे. लोक डिस्कला दोष देत बसतात. दुसरा खळगा क्रमाचा. सावद्याची आणि खिर्डीची ओळ लागोपाठ लिहायला दिली तर ती दोन वेगळ्या थ्रेडांवर जाऊ शकते, आणि आधी दिलेली नंतर लिहिली जाऊ शकते. क्रम हवा असेल तर ओळी आपल्या रांगेत ठेवाव्यात आणि एक लेखन पुरं झाल्यावरच पुढचं द्यावं. रांगेत साठलेल्या सगळ्या ओळी एकत्र करून एकदाच लिहिल्या तर डिस्कलाही बरं.

डेटाबेसचं तसंच. डेटाबेसची नेहमीची सीतली लायब्ररी प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थांबते. ती कॉलबॅकमध्ये थेट बोलावली, आणि उत्तराला २ सेकंद लागले, तर त्या २ सेकंदांत १२० केंद्रांपैकी कुणाचंही काही वाचलं जात नाही, टायमरही वाजत नाहीत. असं काम ‘यूव्ही_क्यू_वर्क’ला द्यावं. ते फंक्शन त्या चौघांपैकी एकावर चालतं, त्यामुळे तिथून कनेक्शनच्या हँडलांना हात लावू नये. दुसऱ्या थ्रेडवरून लूपला हाक मारायला एकच वाट सुरक्षित आहे, ‘यूव्ही_असिंक_सेंड’. पण पाच हाका मारल्या तर कॉलबॅक एकदाच चालू शकतो. हाकेला फक्त ‘रांग पाहा’ एवढाच अर्थ द्यावा आणि माल कुलूपबंद रांगेत ठेवावा.

एवढं लिहून झालं की चाचणी रेंजच्या भरवशावर सोडू नये. नेटकॅटसारख्या साध्या साधनाने अर्धी ओळ पाठवा, मिनिटभर थांबा, उरलेली पाठवा. पाच ओळी एकदम पाठवा. कनेक्शन जोडून केबल उपटा आणि टायमर वाजतो का पाहा. उत्तर जात असतानाच समोरची खिडकी बंद करा. हे सगळं व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवलं तर मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावणारी ओळ तो नावानिशी दाखवतो. शेवटी चालू सर्व्हरला बंद होण्याचा सिग्नल द्या. सिग्नलच्या कॉलबॅकमध्ये सगळ्या हँडलांवर फिरून प्रत्येकाला क्लोज म्हणायचं, सिग्नलच्या हँडललाही. मग यूव्ही_रन आपोआप परततं आणि ‘यूव्ही_लूप_क्लोज’ बोलावता येतं. त्याने शून्य दिलं तर सगळं मिटलं. ‘ईबिझी’ दिलं तर कुठलं तरी एक हँडल अजून उघडं आहे, आणि ते बहुधा एखाद्या केंद्राचा टायमर असतो.